काळ्या रेघेची नदी

चिपळूणहून शेवगावला मे महिन्यात हौसेनं कुणी जात नाही. मी गेले, दहा दिवस राहिले आणि परत आले, म्हणून हे लिहिते आहे. आमच्याकडच्या बहुतेकांनी तो भाग पाहिलेला नसतो आणि मे महिन्यात तर पाहायची इच्छाही नसते.

जाण्याचं कारण कॉलेजची छात्रसेना. उन्हाळी सैनिकी प्रशिक्षणाचं शिबिर होतं आणि आमच्या कॉलेजातून दोघी निघालो होतो, मी आणि अश्विनी. दोघी एका वर्गात, एका उंचीच्या, परेडमध्ये शेजारीशेजारी उभ्या राहणाऱ्या. आता भानगड अशी की कॉलेजच्या तुकडीला सीनियर अंडर ऑफिसर एकच असते. तिच्या खांद्यावर पट्टा येतो, तुकडीला हुकूम ती देते आणि बाकीच्या मुली तिला मॅडम म्हणतात. यंदा त्या पट्ट्यासाठी आम्ही दोघीच उरलो होतो. निघायच्या आधी छात्रसेनेच्या सरांनी सांगून टाकलं, "शिबिरातून सुभेदार साहेबांचा शेरा येईल, त्यावरून ठरवू." मला तो पट्टा इतका हवा होता की आरशासमोर उभी राहून मी हुकूम द्यायचा सरावही केला होता. आई एकदा दचकून सावधानमध्ये उभी राहिली होती.

अश्विनीचा स्वभाव अगदी वेगळा. ती कमी बोलते, आणि बोलते तेव्हा बहुधा काहीतरी विचारते. मला मात्र उत्तरं द्यायची खोड आहे, कुणी विचारलेलं नसलं तरी.

आईनं पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली आणि तांदळाचे पापड कोंबले. बाबांनी एकच सल्ला दिला, "तिकडे पाणी जपून वापर." मी हो म्हटलं. चिपळूणच्या माणसानं या बाबतीत दिलेल्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. आमच्याकडे नदी शोधावी लागत नाही. कधीकधी तीच घरात येते आणि आपल्याला वरच्या मजल्यावर जावं लागतं.

केडगाव

पुण्याहून पुढे आलो तशी हिरवळ हळूहळू मागे पडली आणि डोंगरही बुटके झाले. नगरच्या अलीकडे केडगावला गाडी नाश्त्याला थांबली. सकाळचे दहा वाजले होते आणि पत्र्याखालच्या बाकाला हात लावला तर चटका बसत होता. चहावाल्या काकांनी आमचे गणवेश बघितले आणि कुठल्या म्हणून विचारलं.

"चिपळूण," मी म्हटलं.

"मग आंबे आनले आसतील की."

अश्विनीनं खरंच आणले होते. तिनं मुकाट्यानं पिशवीतून दोन काढून दिले. काकांनी ते नाकाशी धरले, गल्ल्यामागे ठेवले आणि चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. वर म्हणाले, "शेवगावला चालल्या? डोक्याला काहीतरी बांधा पोरींनो. ऊन लई हाय." मी म्हटलं, आमच्याकडेही ऊन असतं. काका नुसते हसले.

ते का हसले हे दुपारी कळलं. आमच्याकडच्या उन्हात माणूस भिजतो, इथे वाळतो. घाम येतो असं वाटतं, पण दिसत नाही. पोचल्यावर धुतलेला गणवेश पाऊण तासात वाळून ताठ झाला. कोकणात जुलैत धुतलेला शर्ट मी ऑगस्टमध्येही दमटच घातला आहे, त्यामुळे मला ही चैनच वाटली.

शेवगावजवळचा माळ

शिबिर गावाबाहेर, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेत होतं. चारी बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, अधूनमधून बाभळी, आणि नजर जिथवर पोचेल तिथवर सपाट जमीन. पहिले दोन दिवस मला त्या सपाटीवर उघड्यावर आणून ठेवल्यासारखं वाटत होतं. आमच्या गावात कुठेही उभं राहिलं तरी समोर डोंगर किंवा कुणाचं तरी परसदार असतं.

पहाटे साडेचारला शिट्टी. मग धावणं, कवायत, नाश्ता, रायफल खोलून पुन्हा जोडणं, आणि दुपारी सावलीत वर्ग. जेवणात पोळी, डाळ, बटाटा. भात मिळायचा, पण वाढपी तो आमटीसारखा पळीनं वाढत होता. चिपळूणच्या मुलीला पळीभर भात म्हणजे चव बघायला दिल्यासारखं वाटतं. चौथ्या दिवशी त्यानं हात जोडून मला विचारलं, "ताई, तुमी रोज येवढा भात खाता, मंग पळता कशा?"

पाणी टँकरचं. दोघींत एक बादली. पहिल्या सकाळी मी सवयीनं ती अख्खी बादली डोक्यावर ओतून घेतली आणि डोळे उघडले तेव्हा समोर अश्विनी टॉवेल घेऊन उभी होती. तिनं बाटलीतल्या पाण्यानं तोंड पुसलं आणि परेडला गेली. मला बाबांचा सल्ला आठवला, पण बादली रिकामी झाल्यावर.

आम्हाला शिकवायला होते सुभेदार साहेब. साताऱ्याकडचे, मिशा पिकलेल्या, आवाज असा की मैदानापलीकडच्या शेळ्याही थबकायच्या. नकाशा शिकवताना मात्र ते हळू बोलत. मोठा रंगीत नकाशा फळ्याला टाचून एकेक खूण समजावत. देऊळ असं दाखवतात, विहीर अशी, पाणी असेल तिथे निळा रंग, कोरडी नदी असेल तर काळी रेघ. मी सगळं पाठ केलं. सहाव्या दिवशीच्या लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले आणि साहेबांनी माझा कागद सगळ्यांना दाखवला. अश्विनीच्या दोन खुणा चुकल्या होत्या. मला मनातल्या मनात खांद्यावर पट्टा जाणवायला लागला.

सातवा दिवस

या दिवशी पाच-पाच जणींच्या तुकड्यांना नकाशा आणि होकायंत्र देऊन माळावर सोडणार होते. पेपरात पहिली आले म्हणून पाचव्या तुकडीची प्रमुख मला केलं. तुकडीत अश्विनी होती आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या तिघी. काम साधं होतं. शाळेपासून दिलेल्या दिशेनं सरळ जायचं. दोनेक किलोमीटरवर नदी लागेल. ती ओलांडली की पाचशे पावलांवर मारुतीचं देऊळ. तिथे डब्यात ठेवलेली चिठ्ठी घ्यायची, तिच्यात लिहिलेल्या दिशेनं पाण्याच्या टाकीपाशी जायचं आणि साडेनऊच्या आत साहेबांपुढे हजर व्हायचं. वाटेत कुणाची गाडी घ्यायची नाही.

अंतर मोजायला अश्विनीच्या उजव्या खिशात सव्वीस खडे. शंभर पावलं झाली की एक खडा डाव्या खिशात. सव्वीस खडे संपले की नदी.

साडेसातला निघालो. मी होकायंत्र घेऊन पुढे, मागे चौघी. दर दहा मिनिटांनी मी न वळता विचारायची, "नदी दिसली का?" आणि मागून चौघींचा आवाज यायचा, "नाही, मॅडम." हे मीच त्यांना शिकवलं होतं. तुकडीच्या प्रमुखाला मॅडम म्हणायची पद्धत आहे, असं मी त्यांना सांगितलं. ऐकायला फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळानं एक उतार लागला. दोन्ही बाजूंना बाभळी आणि मध्ये वाळूचा रुंद पट्टा. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि चार शेळ्या बसल्या होत्या. बुटात वाळू जायला लागली.

"एवढी वाळू इथे कुठून आली असेल?" अश्विनीनं विचारलं.

"इथे पाऊस कमी," मी म्हटलं, "त्यामुळे मातीची वाळू होते."

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे, हे इथे नमूद करते.

वाळू संपली, चढ चढलो. पुढे कडुलिंबाखाली मारुतीचं लहानसं देऊळ लागलं. सगळ्या थांबलो, बूट काढले, नमस्कार केला, एकमेकींना शेंदूर लावला.

"चिठ्ठी बघायची का इथे?" अश्विनीनं विचारलं.

"आपलं देऊळ नदीच्या पलीकडे आहे," मी समजावून सांगितलं. "नदी अजून आलेली नाही. मारुती काय, प्रत्येक वस्तीला असतो."

पुढे निघालो. ऊन वर आलं. मी उरलेलं पाणी तोंडावर मारलं आणि तजेला आला म्हणून चाल वाढवली.

"खडे केव्हाच संपले," मागून अश्विनी म्हणाली. "काय करू?"

"उलटे मोज. डाव्या खिशातून उजव्यात. नदी आल्याशिवाय थांबायचं नाही. नदी दिसली का?"

"नाही, मॅडम," असं तिघीच म्हणाल्या.

खडे जवळजवळ सगळे उजव्या खिशात परत आले तेव्हा एक वस्ती लागली. दोन पत्र्याची घरं, एक टेम्पो, आणि अंगणात बाजेवर पांढऱ्या साडीवर घातलेल्या कुरडया. एक मावशी त्या उलटत होत्या. आम्ही शिस्तीत जाऊन बाजेपुढे रांगेत उभ्या राहिलो.

"आगं लायनीत नका उभ्या ऱ्हाऊ," मावशी म्हणाल्या, "कुरडयांवर सावली पडती."

आम्ही सरकलो. मी विचारलं, "मावशी, नदी अजून किती लांब आहे?"

"कोनती नदी?"

मी नकाशा दाखवला. त्यांनी तो बघितलाच नाही. आम्ही आलो त्या वाटेकडे बघितलं, मग आमच्या बुटांकडे.

"तुमी शाळंकडून आल्या न्हवं? मंग नदी मागंच ऱ्हायली की. तिच्यातूनच आल्या तुमी. बुटाला वाळू हाय बघा."

"पण तिच्यात पाणी नव्हतं," मी म्हटलं.

मावशींनी हातातली कुरडई बाजेवर ठेवली. "पोरी, मे महिन्यात नदीत पानी कुठलं आसतंय?"

मी चिपळूणची आहे, वीस वर्षं रोज नदी बघते आहे आणि नदीतून चालत येऊनही ती मला कळली नाही, हे मावशींना कसं सांगावं ते सुचेना. मी मागे वळून बघितलं. तिघी बुटातली वाळू झटकत होत्या. अश्विनी खिशातले खडे मोजत होती, किंवा मोजते आहे असं दाखवत होती.

मावशींनी आम्हाला ओट्यावर बसवलं. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली. वेळ नाही म्हणून आम्ही नको म्हटलं, तर म्हणाल्या, "उशीर तर झालाच हाय, उपाशी का ऱ्हाता मंग?" आम्ही ताटं पुढे ओढली. आमटी इतकी जहाल होती की डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे तिखटाच्या मागोमाग ओला नारळ येऊन सांभाळून घेतो. इथे तशी सोय नाही, नुसता कांदा बुक्कीनं फोडून देतात.

हात धुवायला उठले तर मावशींनी पुढे घमेलं सरकवलं. "ह्याच्यात धू." आम्ही पाचजणींनी त्यातच हात धुतले आणि ते पाणी त्यांनी दाराजवळच्या लिंबाला घातलं. मग रांजणातून आमच्या पाचही बाटल्या काठोकाठ भरल्या. टँकर तिथे दोन दिवसांनी एकदा येतो, असं बोलता बोलता म्हणाल्या. तासाभरापूर्वी अर्धी बाटली मी तोंडावर मारली होती. मला लाज वाटली, आणि या वेळी अश्विनीकडे न बघताही वाटली.

मावशींचे मालक टेम्पो काढत होते. "टाकीपाशी सोडतो की," ते म्हणाले. "वाटंत मारुतीला थांबू. कुनाला कळतंय?"

तिघींनी माझ्याकडे बघितलं. टेम्पोनं गेलो असतो तर साडेनऊला पाच मिनिटं कमीच असती. मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण माळ इतका सपाट आहे की टाकीपाशी उभ्या असलेल्या साहेबांना टेम्पोची धूळ मारुतीपासूनच दिसली असती. नको म्हणण्यात माझा प्रामाणिकपणा थोडा होता आणि ती धूळ बरीच होती. मालकांनी माझा नंबर घेतला, माझ्या वहीत आपला लिहून दिला आणि पोरींचा फोटो पाठवा म्हणाले. शिबिरात आमचे मोबाईल काढून घेतले होते, म्हणून फोटो त्यांच्याच मोबाईलवर काढला. मावशी निघताना म्हणाल्या, "पानी आलं का तुला धाडीन फोटू. बघ मंग नदी."

उलट चालत देवळात आलो. चिठ्ठीचा डबा आम्ही नमस्कार केला त्या जागेपासून हातभर अंतरावर होता. टाकीपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाकीच्या तुकड्या सावलीत सरबत पीत बसल्या होत्या.

टाकीखाली

पोचायच्या आधी आमचं ठरलं होतं. तिघींपैकी एकीच्या टाचेला मोठा फोड आला होता. ती स्वतःच म्हणाली, "माझ्यामुळे उशीर झाला म्हणून सांग. फोड खरा आहे, खोटं काही नाही." आणि फोड खराच होता. फक्त तो माझ्यामुळे आला होता.

साहेबांनी वही उघडली. "तुकडी पाच. उशीर का?"

माझ्या तोंडात फोड हा शब्द तयार होता. अश्विनी माझ्या डावीकडे सावधान उभी होती. ती काही बोलणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. रिकाम्या बादलीपुढेही ती काही बोलली नव्हती.

"साहेब, नदी दिसली नाही," मी म्हटलं.

सरबत पिणाऱ्यांत हशा उठला. साहेबांनी हात वर केला आणि तो थांबला.

"नकाशात पाणी कुठल्या रंगाचं?"

"निळ्या, साहेब."

"तुझ्या नकाशातली ही नदी कुठल्या रंगाची?"

मी बघितलं. "काळ्या, साहेब."

"काळी रेघ म्हणजे काय?"

"कोरडी नदी, साहेब." हेच उत्तर मी आदल्या दिवशी लिहिलं होतं आणि त्याचे गुणही घेतले होते.

"वाटेत कुणी टोकलं होतं का तुला?"

खरा प्रश्न हा होता. नाही म्हटलं असतं तर विषय तिथे संपला असता, आणि एका चुकीवरून कुणी पट्टा नाकारत नाही. पण हो म्हटलं की तो कुणाच्या खांद्यावर जाणार हे उघड होतं. मला तो पट्टा हवा होता. त्या क्षणीसुद्धा हवा होता.

"हो, साहेब. अश्विनीनं. तीनदा."

"काय म्हणाली ती?"

"वाळू कुठून आली, चिठ्ठी बघायची का, आणि खडे संपले."

"आणि तू काय केलंस?"

"मी उत्तरं दिली, साहेब."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "वाळूचं काय उत्तर दिलंस?"

ते मला शंभर मुलींपुढे मोठ्यानं सांगावं लागलं. या वेळी साहेबांनी हात वर केला नाही. ते पाठ फिरवून टाकीकडे बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

चिपळूण

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात सरांनी साहेबांचा शेरा वाचला आणि पट्टा अश्विनीला दिला. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. तिच्या खांद्यावर तो लावताना मी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन उशीत डोकं खुपसून रडले. आईला सांगितलं, डोळ्यांत वाळू गेली आहे. पावसाळ्यात चिपळूणला वाळू कुठून येणार, असं तिनं विचारलं नाही. हे सगळं मी अश्विनीलाही पुढे सांगितलं. ती म्हणाली, "मला तरी कुठे माहीत होतं गं, ती नदी आहे म्हणून? मी नुसतंच विचारलं होतं."

गणपती गेल्यानंतरची गोष्ट. कॉलेजच्या मैदानावर सराव होता. रांगा लागायच्या आधी मोबाईल वाजला. शेवगावहून मावशींनी व्हिडिओ पाठवला होता. बाभळी ओळखीच्या होत्या, उतार ओळखीचा होता. मध्ये मात्र या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ, फुगलेलं, घाईत असलेलं पाणी. शेळ्या बसल्या होत्या ती जागा कुठे असेल ते सांगता येईना. पाण्याच्या आवाजावर मावशींचा आवाज होता, "बघ गं पोरी, आली तुझी नदी. आता जा चालत."

मी धावत जाऊन अश्विनीला दाखवला. तिनं तो तीनदा बघितला. तिसऱ्यांदा हसली. मग मोबाईल माझ्या हातात दिला, टोपी सारखी केली आणि शिट्टी वाजवली. रांगा लागल्या. मी उजव्या टोकाला, माझ्या जागेवर उभी राहिले. ती समोर येऊन थांबली, तुकडीला सावधान केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याकडे बघून विचारलं, "नदी दिसली का?"

"दिसली, मॅडम," मी म्हटलं.